मोती, मोहरा आणि खुर्दा

पानिपतची बातमी पुण्याकडे कशी आली, याची एक गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी ऐकली आहे. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचं सांकेतिक पत्र लागलं. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, असा त्याचा मतलब. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे.

हा निरोप आपल्याकडे शोकाचा नमुना म्हणून सांगितला जातो. तो शोकाचा आहेच. पण तो हिशोबही आहे, आणि मला त्या हिशोबाबद्दल बोलायचं आहे. सावकाराच्या भाषेत लिहिलेला असल्यामुळे तो नकळत एक गोष्ट उघड करतो. युद्धात काय गेलं हे सांगताना आपण वरून मोजायला सुरुवात करतो आणि मोड लागली की थांबतो. दोनाचा आकडा आहे, सत्तावीसचा आकडा आहे. त्याच्या खाली 'गणती नाही'.

युद्धात माणसाचं जे जातं, म्हणजे नवरा, हात, घर, पीक, पगार, गाव, त्याची भरपाई कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न कायद्याचा आणि राजकारणाचा मानला जातो. मला तो साहित्याचाही वाटतो. भरपाई द्यायची तर आधी कोणाचं काय गेलं ते लिहावं लागतं. नाव, वस्तू, किंमत. ते ज्या भाषेत लिहिलं जातं, त्या भाषेतच बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो. या लेखात मी काही मजकूर वाचून पाहणार आहे. त्यात दगड आहे, कादंबरी आहे, वटहुकूम आहे, सिनेमा आहे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: इथे खुर्दा मोजलाय का?

दगडावर कोण आहे?

मी राहतो तो भंडारदऱ्याचा परिसर. काजवा महोत्सवाच्या दिवसांत इथे गाड्यांची रांग लागते. जलाशयाच्या पलीकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं हजारेक वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. त्याच्या परिसरात वीरगळ आहेत. लोक त्यांना टेकून रील काढतात. त्यात काही वाईट नाही, पण त्या दगडाकडे पाठ न करता तोंड करून बसलं तर तो वाचता येतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाई पळवणाऱ्यांशी झालेली. त्याच्या वर, अप्सरा त्या वीराला घेऊन निघाल्या आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर बसला आहे. टोकाला कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. तीन-चार चौकटींत एक पूर्ण कथानक: लढला, पडला, स्वर्गात गेला, देवाजवळ पोचला. आपल्या युद्धपटांची पटकथा अजूनही याहून फार वेगळी नसते.

आता या दगडावर काय नाही ते बघा. त्याचं घर नाही. मुलं नाहीत. गाई वाचल्या का, आणि वाचल्या तर पुढे त्यांना कोणी चारलं, ते नाही. बायको असते ती शेजारच्या दुसऱ्या दगडावर, आणि तीसुद्धा अख्खी नाही. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो. म्हणजे मागे राहिलेल्या बाईची नोंद दगडावर व्हायची असेल, तर तिला मागे राहून चालत नाही.

पण याच दगडांची दुसरी परंपरा कर्नाटकात दिसते. तिथल्या शिलालेखांमध्ये 'नेत्तरु कोडगे' असा एक शब्द येतो. नेत्तरु म्हणजे रक्त, कोडगे म्हणजे देणगी. लढाईत पडलेल्याच्या घरच्यांना दिलेली करमाफ जमीन. बेंगळुरूजवळच्या बेगूरला एक दगड आहे. त्यावर लढाईचं भरगच्च शिल्प आहे आणि सोबत मजकूरही: नागत्तर पडला, मग राजाने त्याच्या जागी पुढच्या माणसाला बारा गावं दिली, आणि गावांची नावं ही. नावं एकेक करून कोरलेली आहेत.

वाङ्मय म्हणून पाहिलं तर गावांची यादी रुक्षच वाटेल. पण मला ती त्या दगडावरची सगळ्यात जिवंत ओळ वाटते. चंद्र-सूर्याची ग्वाही देणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. गावाचं नाव कोरलं की कोणीतरी बांधला जातो, आणि उद्या ते गाव काढून घेतलं तर दाखवायला दगड असतो.

सन्मान आणि भरपाई या दोन गोष्टी इथे एकाच दगडावर आहेत, हेही लक्षात ठेवू. पुढे त्या सुटत गेल्या. आमच्याच भागातलं उदाहरण घ्या. राघोजी भांगरे देवगावचे. या डोंगरांतल्या महादेव कोळी नाईकांना गड-घाट राखण्याच्या बदल्यात मिळणारे हक्क इंग्रजी अंमल आल्यावर हातचे गेले. त्याविरुद्ध आधीच्या पिढीने बंड केलं, नंतर राघोजींनी केलं. २ मे १८४८ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आज भंडारदऱ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. ज्या पाण्याला एकेकाळी आर्थर हे नाव होतं आणि ज्या धरणाला विल्सन हे नाव होतं, तिथे हे नाव आलं याचा मला आनंदच आहे. पण भांडण हक्कांचं होतं आणि परत मिळालं ते नाव. नाव देणं हा सन्मानाचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. त्यात कोणाला काही परत करावं लागत नाही.

मोत्यांची भरपाई

पुन्हा पानिपताकडे येऊ. कारण मराठी माणसाच्या कल्पनेत युद्धातलं नुकसान म्हटलं की पानिपत.

खरं तर त्या काळचं दप्तर खुर्दा मोजत होतं. लढाईत पडलेल्यांच्या बायकामुलांना पोटासाठी बांधून दिलेल्या नेमणुका पेशव्यांच्या कागदांत सापडतात. 'बालपरवेशी' हा त्यातलाच एक शब्द, म्हणजे मागे राहिलेल्या पोरांच्या संगोपनाची सोय. फौज गेल्यामुळे शेतं तुडवली गेली तर त्याला 'पायमल्ली' म्हणत, आणि तिचा विचार करून सूट दिल्याच्याही नोंदी आहेत. त्याच्या आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच अंमलदारांना लिहिलेलं पत्र तर प्रसिद्ध आहे. रयतेकडून दाणा-गवत-भाजी फुकट उचलाल तर लोक तुम्हाला मोगलांपेक्षा वाईट म्हणतील, असा त्याचा सूर. हे सगळं आपल्या बाजूच्या माणसांपुरतं होतं हे खरं. लुटलेल्या मुलखाला कोणी भरपाई दिली नाही. तरी दप्तराला ठाऊक होतं की युद्ध म्हणजे कोणाच्या तरी शेतातून जाणारी फौज.

'पायमल्ली' या शब्दाचं पुढे काय झालं बघा. आज आपण नियमांची पायमल्ली म्हणतो, हक्कांची पायमल्ली म्हणतो. शेत त्यातून निघून गेलं.

दुसरा शब्द: बाजारबुणगे. पानिपतावर फौजेसोबत लढवय्ये नसलेले असंख्य लोक होते. बाजारवाले, नोकरचाकर, बायका, यात्रेकरू. हत्यार हातात नसलेल्या या माणसांचं तिथे जे झालं, त्यापुढे सरदारांचं मरण सुसह्य म्हणावं असं होतं. आणि मराठीने त्यांना काय दिलं? एक शिवी. आज 'बाजारबुणगे' म्हणजे फुकटे, उपयोग नसलेले, गर्दी करणारे लोक. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं, त्यांच्याच माथ्यावर पराभवाचं खापरही.

विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ला आली आणि तिने सदाशिवरावभाऊंची प्रतिमा पार बदलून टाकली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हट्टी, गर्विष्ठ सेनापती म्हटलं, तो तिथे शोकांत नायक म्हणून उभा राहिला. मी ही कादंबरी शाळकरी वयात एका दमात वाचली आहे, आणि छावणीतल्या उपासमारीची पानं अजून अंगावर येतात. त्यामुळे लेखकाने सामान्यांकडे बघितलंच नाही असं मी म्हणणार नाही. तरी पुस्तक मिटल्यावर हाती काय राहतं? भाऊंना न्याय मिळाला, ही भावना. कादंबरीने मोत्याची भरपाई केली, आणि फार चांगली केली. २०१९च्या हिंदी सिनेमानेही तीच वाट धरली. सव्वादोनशे वर्षांनी वारसाहक्काने जे परत मिळालं ते पुन्हा वरच्याच खात्यात जमा झालं.

माझी तक्रार एका कादंबरीबद्दल नाही, सवयीबद्दल आहे. आपल्या ऐतिहासिक लिखाणाचा हात घोड्याच्या टापांवर बसलाय. बालपरवेशी मागायला कचेरीत आलेली बाई, तिच्याबरोबरचा मुलगा, 'अमक्या लढाईत अमका पडला' असं सांगणारा साक्षीदार, कारकुनाचा प्रश्न, यात अख्खी कादंबरी आहे. दप्तरात तिची टिपणं पडून आहेत.

ज्याला रकाना नाही

मराठीत युद्धावरची खरी मोठी कादंबरी कोणती, असं विचारलं तर मी पानिपताचं नाव घेणार नाही. मी विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चं घेईन. ती १९३९ला आली, आणि तिच्यात एकही लढाई नाही. एक बोट आहे, युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली. बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हेर्टा ही ज्यू तरुणी काही दिवस एकमेकांच्या जवळ येतात. मुंबई येते, तो उतरतो. तिला पुढे जायचं असतं, आणि ती पुढच्या प्रवासात समुद्रात जीव देते.

या कादंबरीकडे प्रेमकथा म्हणून, मनोविश्लेषण म्हणून, तंत्राचा प्रयोग म्हणून पुष्कळ पाहिलं गेलं. मला ती नुकसानीची कादंबरी म्हणून वाचावीशी वाटते. त्या काळात जर्मनी सोडणाऱ्या ज्यूला सोबत फक्त दहा मार्क नेता येत. घर, दुकान, बँकेतले पैसे मागे. बोटीवरच्या माणसांकडे काय उरलं आहे, हा प्रश्न म्हणूनच त्या कादंबरीत हवेसारखा पसरलेला आहे. मालमत्ता तर गेलीच. पण शेजारी, भाषा, गावातला मान, उद्या सकाळी कुठे उठायचं आहे याची खात्री, हेही गेलं. हेर्टाला चक्रधर हवा आहे, कारण तिच्या दृष्टीने तो या सगळ्याची भरपाई आहे. आणि एका माणसाला एका माणसाकडून एवढी भरपाई होत नाही. बेडेकर हे कुठेही असं सांगत नाहीत. ते नुसती बोट पुढे नेतात.

तेरा वर्षांनी, सप्टेंबर १९५२मध्ये, पश्चिम जर्मनीने लक्झेंबर्ग इथे करार केला. इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांच्या दावा परिषदेला पंचेचाळीस कोटी मार्क द्यायचं ठरलं. पुढे वाचलेल्या व्यक्तींसाठी वेगळे कायदे झाले. पण कराराच्या आधी त्याच वर्षी जेरुसलेममध्ये मोठी निदर्शनं झाली होती, आणि ती पैसे मिळावेत म्हणून नव्हती. पैसे घेऊ नयेत म्हणून होती. हे रक्ताचे पैसे आहेत, घेतले तर आम्ही माफ केलं असा अर्थ होईल, असं त्या लोकांचं म्हणणं होतं.

हा पेच मराठीतून फार चांगला समजतो. भरपाई हा शब्द जुन्या व्यवहारात पावतीचा होता. पूर्ण रक्कम पोचली, आता येणं बाकी नाही, अशी लेखी कबुली. 'भरून पावलो'. हेच शब्द आपण आज वैतागून उपरोधाने म्हणतो, तेव्हा त्यात ती जुनी पावतीच असते: बास, आता काही नको. जेरुसलेमच्या रस्त्यावरच्या माणसाला नेमकी याच पावतीवर सही करायची नव्हती.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. सहा दशलक्ष माणसांची पावती कोणी देऊ शकत नाही, म्हणून वाचलेल्या म्हाताऱ्या बाईच्या घराचं भाडंही मागायचं नाही का? जे मोजता येत नाही त्याच्या आदरापोटी, जे मोजता येतं तेही सोडून द्यायचं? 'रणांगण' आणि तो करार मी शेजारी शेजारी ठेवतो ते यासाठी. दोन्ही लागतात. कादंबरी सांगते की दाव्याच्या फॉर्ममध्ये ज्याला रकाना नाही असं काहीतरी कायम उरणार. करार सांगतो की म्हणून फॉर्मच छापायचा नाही, ही पळवाट आहे.

सोन्याच्या विटा

फॉर्म छापला गेला असा एक प्रसंग मुंबईत घडला आहे. तो आपल्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच, याचं मला कायम नवल वाटतं.

१४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्या सोबतीला कापसाच्या गासड्या, आणि सोनं. कापसाला आग लागली. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. सुमारे ऐंशी हजार माणसं बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. सेन्सॉरमुळे इथल्या बातमीदारांना आठवडे न आठवडे गप्प बसावं लागलं. जगाला बातमी कळली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून.

आणि तरी, सरकारने जबाबदारी घेतली. शत्रूचं विमान आलं नव्हतं, बॉम्ब पडला नव्हता. 'हा अपघात आहे' म्हणून हात झटकता आले असते. त्याऐवजी १९४४मध्येच भरपाईचा वटहुकूम निघाला आणि लोकांनी केलेल्या दाव्यांवर पैसे दिले गेले. 'बॉम्बे एक्स्प्लोजन (कॉम्पेन्सेशन) ऑर्डिनन्स' हे नाव वाचताना कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण माझ्या लेखी तो खुर्दा मोजायला बसलेला मजकूर आहे, आणि म्हणून महत्त्वाचा आहे.

तो मोजू शकला का? इथे दोन आकडे शेजारी ठेवा. जहाजावर सोन्याच्या विटा किती होत्या? १२४. एकेक साधारण पावणेतेरा किलोची. एक तर दूरवर एका घराचं छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती परत केली, हा किस्सा मुंबईने जपून ठेवला आहे. पुढे कित्येक दशकं गोदीचा गाळ काढताना विटा सापडत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी बातमी झाली. आता दुसरा आकडा. माणसं किती मेली? आठशे ते तेराशे. अंदाजांमधला फरकच पाचशेचा.

मोती आणि मोहरा नीट मोजलेल्या, खुर्दा अंदाजाने. १७६१पासून १९४४पर्यंत एवढं सगळं बदललं, हिशोबाची पद्धत तीच.

कारण उघड आहे. दावा करायला कागद लागतो. गोदामवाल्याकडे चोपडी असते, घरमालकाकडे खरेदीखत असतं, कंपनीकडे विमा. रोजावर गोणी उचलणाऱ्याकडे काय असतं? कोकणातून किंवा घाटावरून आलेला, खोलीत दहा जणांबरोबर राहणारा माणूस त्या दुपारी गोदीत होता की नव्हता, हे कोणी सिद्ध करायचं? भरपाईचा कायदा कितीही उदार असला तरी तो जगण्याचा पुरावा मागतो, आणि गरिबाच्या जगण्याला पुरावा ठेवायची सवय नसते. इथे साहित्याचं काम सुरू व्हायला हवं होतं. गोदीतल्या त्या दुपारवर आपल्याकडे एक तरी 'रणांगण' हवी होती.

सिनेमा जिथे संपतो

आता तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला मजकूर. 'एअरलिफ्ट', २०१६. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, त्यांत मराठी कुटुंबंही होती. अक्षयकुमारचा व्यापारी नायक त्यांना एकत्र ठेवतो, लोक जॉर्डनमध्ये पोचतात, तिरंगा दिसतो, विमानं उडतात. शेवट. टाळ्या.

सिनेमा म्हणून तो पकड घेतो, पण त्याचा शेवट मला खटकतो. तो मुक्कामावर संपतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. विमानातून उतरलेल्या माणसाच्या हातात एक पिशवी आहे. कुवेती बँकेतली बचत अडकली. तीन महिन्यांचा पगार बुडाला. फ्रिज, गाडी, मुलीच्या लग्नाचे दागिने मागे राहिले. गावी कर्ज आहे, ते ज्या नोकरीच्या भरवशावर काढलं ती नोकरीच उरलेली नाही. पडद्यावर देशाने त्याला वाचवलं. पडद्याबाहेर त्याचं काय झालं?

त्याने फॉर्म भरला. १९९१मध्ये सुरक्षा परिषदेने संयुक्त राष्ट्रांचा भरपाई आयोग नेमला. पैसा इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कापून घ्यायचा. या आयोगाने एक गोष्ट अशी केली जी युद्धांच्या इतिहासात फारशी कोणी केली नव्हती. सरकारं आणि कंपन्या यांना मागे ठेवून त्याने साध्या माणसांचे दावे आधी घेतले. 'अ' वर्गात, जीव वाचवून निघावं लागलं एवढ्यासाठी, ठरावीक रक्कम: एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. दुसरा कुठलाही दावा करणार नसाल तर चार हजार आणि आठ हजार. 'ब' वर्ग गंभीर इजा आणि मृत्यूसाठी. 'क' वर्गात एक लाख डॉलरपर्यंतचं वैयक्तिक नुकसान, आणि त्यात मानसिक यातनांनाही जागा. हेर्टाला न मिळालेला रकाना इथे पहिल्यांदा छापलेला दिसतो.

आणि कागदाचा प्रश्न? कुवेतच्या वाळवंटात राबणाऱ्या मजुराकडेही कागद नव्हता. त्यावर आयोगाने मार्ग काढला. सरकारांनी आणि संस्थांनी ठेवलेल्या येण्याजाण्याच्या याद्या संगणकावर टाकल्या आणि दाव्यातली नावं त्यांच्याशी ताडून पाहिली. ज्याचं नाव यादीत सापडलं, त्याचं जाणं सिद्ध. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयात यासाठी खास कुवेत कक्ष उघडला होता. जगभरातून सुमारे सत्तावीस लाख दावे आले, पंधरा लाखांच्या आसपास मंजूर झाले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२मध्ये गेला. एकूण ५२.४ अब्ज डॉलर.

या व्यवस्थेवर टीका करायला भरपूर जागा आहे. पैसा हरलेल्या देशाच्या तिजोरीतून आला, आणि ज्या वर्षांत तो कापला जात होता त्या वर्षांत निर्बंधांखालच्या इराकी माणसाची औषधांवाचून आबाळ चालू होती. म्हणजे एका खुर्द्याची भरपाई दुसऱ्या खुर्द्याने केली. जिंकणाऱ्यांनी केलेल्या युद्धांसाठी असा आयोग नंतर कोणी नेमला नाही, हेही आहेच. तरीपण, सावकाराच्या पत्राच्या उलट्या क्रमाने लिहिलेला हिशोब होऊ शकतो, हे एकदा सिद्ध झालं. आधी खुर्दा, मग मोहरा, मग मोती.

'एअरलिफ्ट'चा दुसरा भाग काढायचा असेल तर तो या फॉर्मबद्दल काढावा. नायक एखादा कारकून असेल. विमान नसेल.

दान, अनुग्रह आणि हक्क

शेवटी आजच्या भाषेबद्दल. आपण युद्धात गेलेल्याबद्दल तीन प्रकारच्या शब्दांत बोलतो.

पहिला शब्द बलिदान. यात दान आहे. दान दिलेलं परत मागत नाहीत, त्याची पावती मागणं तर अशोभनीयच. त्यामुळे एकदा बलिदान म्हटलं की वीरपत्नीने पेन्शनच्या चौकशीला कचेरीत जाणंसुद्धा कोणाकोणाला खुपतं. कारगिलनंतर कुटुंबांना दिलेल्या पेट्रोलपंपांबद्दल हलक्या आवाजात बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे: 'त्यांना मिळालं की.' भरून पावले की, असंच ते म्हणणं.

दुसरा शब्द सानुग्रह अनुदान. सरकारी पत्रकातला आवडता शब्द. अनुग्रह म्हणजे कृपा. देतो, पण देणं लागतो म्हणून नाही, मनाचा मोठेपणा म्हणून.

तिसरा शब्द मात्र रुक्ष आहे. 'शहीद' असा अधिकृत शब्द आपल्या सैन्यदलांत नाही, असं सरकारने संसदेतही सांगितलं आहे. कागदावर असतं ते 'बॅटल कॅज्युअल्टी'. ऐकायला थंड. पण या थंड शब्दाला नियम जोडलेला आहे: अशा जवानाच्या कुटुंबाला उदारीकृत निवृत्तिवेतन, म्हणजे त्याच्या शेवटच्या वेतनाइतकं. ज्या शब्दावर भाषणं होतात त्यावर दावा ठोकता येत नाही, आणि ज्यावर दावा ठोकता येतो त्यावर कोणी भाषण करत नाही.

आणि जो सैनिक नव्हता त्याचं काय? सीमेपलीकडच्या गोळीबारात मेलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब २०१६पर्यंत केंद्राच्या मदत योजनेतच नव्हतं. त्या वर्षी ते दहशतवादी हिंसाचाराच्या बळींसाठीच्या योजनेत आलं, रक्कम पाच लाख. आपल्या जिल्ह्यातच नगरजवळ के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांचा सराव चालतो, आणि आसपासच्या गावांच्या डोक्यावर जमिनीचा प्रश्न कित्येक वर्षं टांगता आहे. तिथे युद्ध नाही, युद्धाची तालीम आहे. गंमत म्हणजे लष्करी सरावांबाबतचा १९३८चा इंग्रजी अमलातला कायदा सांगतो की फौज सरावाला निघाली की जिल्हाधिकाऱ्याने महसूल अधिकारी तिच्यासोबत पाठवावा आणि जागच्या जागी नुकसान ठरवावं. फौजेच्या मागे चालणारा, तुडवलेलं शेत वहीत लिहिणारा माणूस. पायमल्लीचा जुना अर्थ एका कायद्यात जिवंत आहे.

महाभारतात नारद युधिष्ठिराला राज्याबद्दल प्रश्नांची मोठी मालिका विचारतात. त्यातला एक असा, की तुझ्यासाठी जे मेले त्यांच्या बायकांना तू पोसतोस ना? तिथे ना अप्सरा आहेत, ना चंद्र-सूर्य. राजाला त्याचं देणं आठवून दिलं आहे, एवढंच. पुढच्या वेळी एखादी युद्धकादंबरी किंवा युद्धपट संपताना तुमच्या घशाशी आवंढा येईल, तेव्हा तो येऊ द्या. पण मग या गोष्टीत खुर्दा किती गेला आणि तो कोणी लिहून ठेवला, हेही विचारा. लेखकाला, दिग्दर्शकाला, आणि मंत्रालयातून निघालेल्या पत्रकालाही.